मुलींच्या हातात डिसमिस

बडोद्याच्या कलाभवनाचा विषय निघाला की आपण गज्जर सर आणि दादासाहेब फाळके यांच्यापाशी थांबतो. १८९० साली सयाजीराव महाराजांनी ते काढलं, १९४९ मध्ये विद्यापीठाचं झालं. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, म्हणजे एक बाई! तरी मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं शिवण आणि पाककलाच, पक्कड-हातोडी मुलांकडे.

ऐंशीच्या दशकात आमच्या धाकटीच्या शाळेत इंजिनिअरिंगची पोरं-पोरी शनिवारी येऊ लागली. भाषण नाही, फळा नाही. बाकावर सेल, बल्ब, वायर, जुना होल्डर मांडायचे आणि मुलीच्या हातात डिसमिस द्यायचं (स्क्रू-ड्रायव्हरला आपण बडोदेकर हेच म्हणतो). बल्ब लागला नाही तर वायर कुठं सुटलीय ते तिनंच शोधायचं. हे मला फार पटलं. नोटा मोजणंसुद्धा नुसतं बघून येत नाही हो!

एकदा रात्री फ्यूज उडाला. मी वायरमनकडे निघालो, तर धाकटी म्हणाली, "बाबा, मेन स्विच बंद करा, तार मी बदलते." आमची आई ओरडली, "अगं, शॉक लागेल!" दिवे लागले तेव्हा आई गप्प. पुढे शेजारच्या काकीही तिलाच हाक मारायच्या.