भर हंगामांतील पारख

दरवर्षीं जुलै महिना आला म्हणजे अमेरिकेंतील बेसबॉलच्या रसिकांत एक मोठा वाद माजतो. हा वाद नामांकित खेळाडूंविषयीं नसतो. ज्यांचीं नांवें सामान्य प्रेक्षकानें कधीं ऐकलेलीं नसतात अशा अठरा ते तेवीस वर्षांच्या पोरांविषयीं तो असतो. हंगाम वसंतांत सुरू होऊन सप्टेंबरांत संपतो. म्हणजे जुलैंत तो जेमतेम अर्धा झालेला असतो. तेवढ्या अर्ध्या हंगामावरून देशभरच्या होतकरू खेळाडूंची पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत क्रमवारी लावण्यांत येते, आणि मग अमुक सतरावा कां व तमुक एकेचाळिसावा कां, यावर चांगलीं शहाणीं, संसारी माणसें हिरिरीनें भांडतात. प्रथमदर्शनीं हा प्रकार पोरकट वाटतो. आम्हांसहि तसाच वाटला होता. परंतु त्याचा पूर्वेतिहास चाळूं लागलों तेव्हां माणसाची पारख, पैसा आणि न्यायान्याय यांचें असें कांहीं मिश्रण त्यांत आढळलें कीं, आमच्या क्रिकेटवेड्या वाचकांपुढें तें मांडावें असें मनांत आलें.

अमेरिकेंतील व्यावसायिक बेसबॉलचे दोन थर आहेत. वरच्या थरास मेजर लीग म्हणतात. त्यांतील नॅशनल लीग १८७६ सालीं स्थापन झाली आणि अमेरिकन लीग १९०१ सालीं तिच्या बरोबरीस आली. आज दोहोंत मिळून तीस संघ आहेत. खालचा थर मायनर लीगांचा. या लहान लीगांच्या चालकांनीं १९०१ च्या सप्टेंबरांत शिकागो येथें जमून आपली एक संघटना उभारली आणि लीगांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. वर्ग ठरे तो त्या त्या गांवांच्या लोकसंख्येवरून. म्हणजे पहिली क्रमवारी लागली ती गांवांची. मुलांची पुढें लागली. त्या काळीं लहान गांवचा संघ स्वतंत्र असे. त्याचा मालक आसपासच्या शेतांतून व खाणींतून एखादा चपळ मुलगा हुडकून काढी, त्यास दोन-तीन वर्षें खेळवी, आणि मोठ्या शहरच्या संघास विकून आपला खर्च भरून काढी.

ही व्यवस्था ज्यानें उलथून टाकली तो ब्रँच रिकी हा या इतिहासांतील सर्वांत मनोवेधक पुरुष होय. १८८१ सालीं ओहायओ संस्थानांतील एका शेतकरी कुटुंबांत तो जन्मला. कायद्याची पदवी त्यानें घेतलेली होती. धर्मानें कडवा मेथडिस्ट. रविवारीं मैदानावर पाऊल टाकावयाचें नाहीं हा त्याचा नेम. पैशाच्या बाबतींत मात्र त्याची मूठ अशी घट्ट कीं खेळाडू त्याच्या नांवानें बोटें मोडीत. १९१७ सालीं तो सेंट लुई कार्डिनल्स या संघाचा कारभारी झाला. संघ दरिद्री होता. रिकीनें एखादा मुलगा हेरावा आणि त्याची वार्ता लागतांच न्यू यॉर्कच्या धनिक संघानें दुप्पट किंमत देऊन तो उचलावा, असें वारंवार घडे. पारखण्याची दृष्टि आपली आणि माल दुसऱ्याच्या घरीं, हें त्यास सहन होईना. तेव्हां त्यानें असा विचार केला कीं, पिकलेलें धान्य बाजारांत विकत घेणें परवडत नसेल तर शेतच आपलें असावें. १९२० च्या सुमारास त्यानें फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन आणि सिराक्यूस येथील लहान संघांत भागी मिळविली. पुढें वीस वर्षांत या 'शेतां'ची संख्या तिसांच्या वर गेली आणि सहाशेंहून अधिक तरुण त्यांत राबूं लागले. पेरणी विपुल करावी, निंदणी निष्ठुरपणें करावी, म्हणजे चार-दोन कणसें तरी भरदार येतातच, हें रिकीचें तत्त्व. त्या बळावर कार्डिनल्स संघानें १९२६, १९३१, १९३४ व १९४२ या सालीं जगज्जेतेपद मिळविलें.

सहाशें मुलांतून वर्षाकांठीं दोन-चार निवडावयाचीं म्हणजे क्रमवारी आलीच. ती छापली जात नसे, एवढेंच. रिकीच्या व त्याच्या पारख्यांच्या वह्यांतून ती असे. कोणास वरच्या वर्गांत चढवावें, कोणास दुसऱ्या संघास विकावें, कोणास घरीं धाडावें, हें भर हंगामांत ठरे. आणि विक्रीच्या पैशांत रिकीचा स्वतःचा हिस्सा असे, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये. मुलानें एकदां करारावर सही केली कीं तो त्या संघाचा बांधलेला. वर जागा नसली तरी त्यास दुसरीकडे जातां येत नसे.

यावर हरकत घेतली ती केनेसॉ माउंटन लँडिस यानें. हा गृहस्थ संघराज्याच्या न्यायासनावरून बेसबॉलचा सर्वाधिकारी म्हणून आलेला. १९१९ सालच्या लांचलुचपतीच्या प्रकरणानंतर मालकांनींच त्यास बोलाविलें होतें. लहान गांवांचे संघ मोठ्या संघांच्या दावणीला बांधले जाऊं नयेत, असें त्याचें ठाम मत होतें. एकाच लीगमधील एकाहून अधिक संघांवर रिकीचें वर्चस्व आहे असें दिसून येतांच १९३८ च्या मार्चांत त्यानें कार्डिनल्सच्या सत्तराहून अधिक मुलांस एका फटक्यासरशीं बंधमुक्त केलें. त्यांत पीट रायझर नांवाचा एक कोवळा मुलगा होता. ब्रुकलिनच्या संघानें त्यास घेतलें. १९४१ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, तो नॅशनल लीगचा पहिल्या क्रमांकाचा फलंदाज ठरला आणि ब्रुकलिननें ती लीग जिंकली. दुसरा क्रमांक कोणाचा? कार्डिनल्सचा, आणि तोहि अडीच सामन्यांच्या अंतरानें.

त्याच १९४१ सालची दुसरी एक हकीगत आहे. स्टॅन म्यूझियल हा पेनसिल्व्हानियांतील कामकरी वस्तींतला मुलगा कार्डिनल्सच्या सर्वांत खालच्या, ड वर्गाच्या शेतांत चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, म्हणून होता. १९४० च्या ऑगस्टांत झेल घेण्यासाठीं झेपावला असतां तो डाव्या खांद्यावर आपटला. तो डावखुरा, तेव्हां पिचर म्हणून त्याची किंमत तेथेंच संपली. पुढच्या वसंतांत त्यास क वर्गाच्या संघांत केवळ फलंदाज म्हणून ठेवून घेतलें. त्या वेळीं कोणी यादी केली असती तर तींत त्याचें नांव आलें नसतें. परंतु जुलै संपतां संपतां तो रोचेस्टरच्या वरच्या संघांत पोहोंचला होता आणि सप्टेंबरांत सेंट लुईस. पुढें त्यानें मेजर लीगमध्यें ३,६३० फटके नोंदविले. पारख्यांचा डोळा चुकला असें येथें म्हणवत नाहीं. डोळ्यास पाहावयास मिळालें तेंच अर्धें होतें.

आणि ज्यांच्याकडे कोणी पाहिलेंच नाहीं त्यांचें काय? १९४६ पूर्वीं साठ वर्षें या सर्व शेतांतून काळ्या वर्णाच्या मुलांस मज्जाव होता. तसा लेखी नियम नव्हता. मालकांचा आपसांतला संकेत होता, आणि तो नियमाहून चिवट ठरला. जॅकी रॉबिन्सन यास ऑक्टोबर १९४५ मध्यें ब्रुकलिनच्या माँट्रियल येथील शाखेनें करारबद्ध केलें तेव्हां तो सव्वीस वर्षांचा होता. होतकरूंच्या यादींत एवढ्या वयाच्या माणसाकडे सहसा कोणी पाहात नाहीं. त्यास आणणारा पुन्हा रिकीच; तो आतां ब्रुकलिनास होता. १९४६ सालीं माँट्रियलकडून खेळतांना रॉबिन्सन लीगचा पहिला फलंदाज ठरला. दर हजारीं ३४९ हें त्याचें प्रमाण होतें. १५ एप्रिल १९४७ रोजीं तो मेजर लीगच्या मैदानावर उतरला. रिकीच्या या कृतींत धर्मबुद्धि किती आणि व्यवहार किती, यावर अमेरिकन लेखक अजून वाद घालतात. आमच्या मतें दोन्ही होतीं, आणि तीं त्याच्या मनांत कधीं निराळीं झालींच नसावींत.

महायुद्धानंतर लहान लीगांस मोठा बहर आला. १९४९ सालीं एकोणसाठ लीगा होत्या व प्रेक्षकसंख्या चार कोटींच्या घरांत गेली होती. पुढें दूरचित्रवाणी आली, मोठ्या शहरांचे सामने घरबसल्या दिसूं लागले, आणि १९६३ पर्यंत लीगांची संख्या विसाच्या आंत आली. ब, क, ड हे वर्ग त्या वर्षीं बंदच झाले. १९६५ पासून नव्या मुलांची निवड पाळीपाळीनें होऊं लागली; आदल्या हंगामांतील दुबळ्या संघास पहिली पाळी. क्रमवारी अशा रीतीनें प्रथमच उघड्यावर आली, आणि चुकाहि उघड्यावर आल्या. १९६६ सालीं न्यू यॉर्क मेट्स या संघानें पहिल्या पाळीस स्टीव्ह चिल्कट नांवाचा कॅचर निवडला. तो मेजर लीगपर्यंत कधींच पोहोंचला नाहीं. दुसऱ्या पाळीस कॅन्सस सिटीनें घेतलेल्या मुलाचें नांव रेजी जॅक्सन. त्याचे होम रन पुढें ५६३ झाले.

छापील क्रमवारीचा इतिहास मात्र अगदीं अलीकडचा. 'बेसबॉल अमेरिका' हें नियतकालिक १९८१ सालीं ॲलन सिम्सन यानें कॅनडांत सुरू केलें. शंभर होतकरूंची यादी त्यांत १९९० पासून येऊं लागली. याच सुमारास वादाचे दोन पक्ष स्पष्ट झाले. पहिला पक्ष डोळ्यांचा. मैदानाच्या कडेला उन्हांत बसून फटका, जोर, धांव, फेंक आणि क्षेत्ररक्षण या पांच गुणांस वीसपासून ऐंशीपर्यंत अंक द्यावयाचे. पन्नास म्हणजे मध्यम. दुसरा पक्ष आंकड्यांचा. त्याचा आचार्य बिल जेम्स. कॅन्ससमधील एका कारखान्यांत रात्रीची राखण करतां करतां हा मनुष्य बेसबॉलचीं कोष्टकें मांडीत असे. १९८५ सालच्या आपल्या वार्षिकांत त्यानें असें दाखविलें कीं, मैदानाचा व लीगचा फरक हिशेबांत धरला, तर लहान लीगमधील फलंदाजीचे आंकडे मोठ्या लीगमधील यश जवळजवळ तितकेंच नीट सांगतात, जितकें मोठ्या लीगमधले मागचे आंकडे सांगतात. जुन्या पारख्यांस हें बोलणें उद्धटपणाचें वाटलें.

या दोन पक्षांची खरी कसोटी १९९० च्या ऑगस्टांत लागली. बोस्टनचा संघ आपल्या गटांत आघाडीवर होता व त्यास अखेरच्या महिन्यासाठीं एक अनुभवी पिचर हवा होता. ह्यूस्टनकडे लॅरी अँडरसन हा सदतीस वर्षांचा पिचर होता. त्याच्या बदल्यांत ह्यूस्टननें बोस्टनच्या न्यू ब्रिटन येथील शाखेंतला एक मुलगा मागितला. जेफ बॅगवेल, वय बावीस, बोस्टनमध्येंच जन्मलेला आणि लहानपणापासून त्याच संघाचा भक्त. त्या हंगामांत त्याचें प्रमाण दर हजारीं ३३३ होतें, पण १३६ सामन्यांत होम रन अवघे चार. डोळ्यांच्या पक्षास ते चार होम रन दिसले. तिसऱ्या तळावर खेळणाऱ्या माणसाच्या अंगीं जोर हवा, तो याच्यांत नाहीं. शिवाय वर वेड बॉग्ज बसलेलाच आहे. न्यू ब्रिटनचें मैदान फलंदाजांस किती कठीण होतें, हें पाहणारा मनुष्य निराळा निर्णय देता. ३० ऑगस्ट रोजीं सौदा झाला. अँडरसननें बोस्टनसाठीं बावीस इनिंगा टाकल्या, आणि चांगल्या टाकल्या. बोस्टननें गट जिंकला, ओकलंडकडून ओळीनें चार सामने हरला, आणि हंगाम संपतांच अँडरसन सॅन डिएगोच्या संघांत निघून गेला. बॅगवेल ह्यूस्टनकडे पंधरा वर्षें खेळला. त्याचे होम रन ४४९ भरले.

हें वाचून कोणी आंकड्यांच्या पक्षाचा जयजयकार करूं लागेल तर त्यानें जरा थांबावें. १९८७ च्या ऑगस्टांत डेट्रॉइटनें अशाच एका सौद्यांत जॉन स्मोल्ट्झ हा पिचर अटलांटास दिला, तेव्हां त्या मुलाचे आंकडे पाहण्यासारखे नव्हते: चार विजय, दहा पराजय. अटलांटाच्या माणसांस त्याचा हात दिसला. आज तोहि बॅगवेलप्रमाणेंच कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरांत आहे. आम्ही स्वतः अध्यापक. सहामाहीच्या गुणांवरून मुलाची योग्यता ठरवूं नये असें दरवर्षीं पालकांस सांगतों, आणि शिक्षकांच्या खोलींत बसून दरवर्षीं ठरवितों. तेव्हां या अमेरिकन पारख्यांस हंसण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाहीं.

१९९९ सालच्या निवडींत पहिल्या पाळीस जॉश हॅमिल्टन निवडला गेला आणि चारशें दुसऱ्या पाळीस आल्बर्ट पूहोल्स. २००० च्या जुलैंत पूहोल्स इलिनॉयमधील पिओरिया या लहान शहरीं, खालच्या अ वर्गांत, खेळत होता. दोन महिन्यांनीं तो सर्वांत वरच्या लहान लीगच्या अंतिम सामन्यांत होता. २००१ च्या आरंभींच्या यादींत हॅमिल्टन पहिला होता, पूहोल्स बेचाळिसावा. त्या वर्षीं पूहोल्स मेजर लीगमध्यें उतरला व ३७ होम रन मारून नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. हॅमिल्टन मादक पदार्थांच्या नादीं लागला. २००३ पासून तीन हंगाम तो मैदानावरच नव्हता. पण पहिला क्रमांक देणारे चुकले होते असेंहि म्हणतां येत नाहीं, कारण तो परतला आणि २०१० सालीं अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्याच्या अंगच्या गुणांस अंक दिले होते ते अंक बरोबर होते. मधल्या सात वर्षांस अंक देण्याचें कोष्टक कोणाजवळ नव्हतें.

या यादींनीं मुलांचें काय होतें, हा प्रश्न आम्हांस त्यांच्या अचूकपणाहून महत्त्वाचा वाटतो. १९९१ सालीं न्यू यॉर्क यांकीज संघानें ब्रायन टेलर या पिचरास पंधरा लक्ष पन्नास हजार डॉलर देऊन घेतलें. दुसऱ्या वर्षीं यादींत तोच पहिला. १९९३ च्या डिसेंबरांत एका मारामारींत त्याचा खांदा दुखावला. मेजर लीगमध्यें तो एकहि सामना खेळला नाहीं. आणि ज्यांस असे डॉलर मिळाले नाहींत, ते हंगामाच्या पांच-सहा महिन्यांपुरत्या तुटपुंज्या वेतनावर, एका खोलींत चौघे-पांच राहून, बसमधून रात्रीचा प्रवास करीत यादींतल्या मुलांस सामना मिळावा म्हणून खेळत राहिले. संघ पुरा व्हावयास नऊ माणसें लागतात. त्यांतला होतकरू एखाद-दुसराच असतो.

२०२० सालीं साथीमुळें लहान लीगांचा हंगामच झाला नाहीं. त्याच सुमारास १९०१ ची जुनी संघटना बाजूस सारून मेजर लीगनें सर्व कारभार आपल्या हातीं घेतला आणि २०२१ पासून संलग्न संघ १६० चे १२० केले. चाळीस ठिकाणचा हा संबंध तुटला. लँडिसला ज्याची भीति होती तें त्याच्या मृत्यूनंतर पाऊणशें वर्षांनीं पुरतें घडून आलें. उलट २०२२ च्या सप्टेंबरांत लहान लीगांच्या खेळाडूंनीं मेजर लीगच्या खेळाडूसंघांत प्रवेश मिळविला आणि पुढच्या वसंतांत त्यांचा पहिला सामुदायिक करार झाला. बहुतेक वर्गांत किमान वेतन दुपटीहून अधिक वाढलें. या नव्या सभासदांची संख्या पांच हजारांच्या वर होती. त्यांतील फार थोड्यांचीं नांवें जुलैच्या यादींत कधीं आलीं असतील.