पन्हाळ्याखालचा खेळ : करवीरच्या तालमींचे ‘अ’ व ‘ब’ संघ आणि त्यांचे कागद

पन्हाळ्याच्या इतिहासकारास साधनांची वाण नाहीं. इ. स. १६६० मधील सिद्दी जोहराचा वेढा, १७१० मध्यें ताराबाईंनीं गडावर थाटलेली राजधानी, १७१४ तील सत्तापालट, १८४४ तील गडकऱ्यांचा उठाव, यांपैकीं कोणताही प्रसंग घेतला तरी पत्रें, बखरी आणि इंग्रजी खलिते यांच्या आधारें त्याची छाननी करतां येते. गडाच्या दगडांचीही आतां जगानें दखल घेतली आहे. २०२५ च्या जुलैमध्यें मराठ्यांचे जे बारा दुर्ग जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाले त्यांत पन्हाळा आहे. १७८२ मध्यें राजधानी गडावरून सुमारें सहा कोसांवरील कोल्हापुरास उतरली. तिच्याबरोबर दरबार उतरला आणि दरबाराचें दप्तरही उतरलें. परंतु ज्या पेठांनीं हें शहर बनलें, त्या पेठांतील तालमींचें दप्तर मात्र कोणीं रुमालांत बांधून ठेवलें नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या न बांधलेल्या दप्तराच्या एका अलीकडील, आणि अलीकडील म्हणूनच अधिक उपेक्षित, भागाविषयीं लिहीत आहों. शनिवारीं व रविवारीं एकाच तालमीचे दोन-दोन संघ फुटबॉलच्या मैदानांत उतरतात, त्या सामन्यांच्या कागदांचा हा विषय आहे.

चेंडू लाथाडण्याचा खेळ हा संशोधनाचा विषय होतो काय, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. ज्या मंडळींनीं आहेराच्या याद्या आणि देवस्थानांच्या नैवेद्याचे जमाखर्च आदरानें छापले व वाचले, त्यांनीं तरी ती घेऊं नये.

‘तालीम’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. कोल्हापुरांत त्याचा अर्थ तांबड्या मातीचा हौदा, मारुतीची मूर्ति आणि पेठेंतील तरुणांची बैठक असा झाला. शाहू छत्रपतींनीं कुस्तीस दिलेला आश्रय सर्वविश्रुत आहे. खासबागेचें मैदान १९१२ मध्यें पुरें झालें तें त्याचें दगडी प्रमाण होय. फुटबॉल मात्र परका. हिंदुस्थानांत तो गोऱ्या पलटणींबरोबर आला. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची आणि मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा, व दोन्हींचा आरंभींचा इतिहास पलटणींचाच आहे. १९११ च्या २९ जुलैस कलकत्त्याच्या मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरविलें, तेव्हां हा खेळ आपलाही होऊं शकतो अशी जाणीव देशभर पसरली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. एखाद्या जुन्या संस्थेच्या पोटीं फुटबॉलचा संघ जन्मास यावा यांत नवल कांहींच नाहीं. इंग्लंडांतही तसेंच घडलें. ॲस्टन व्हिला हा १८७४ मध्यें एका प्रार्थनामंदिराच्या मंडळींनीं काढला, मँचेस्टर युनायटेडचें मूळ १८७८ तील रेल्वेच्या कामगारांत आहे, तर आर्सेनल १८८६ मध्यें वूलिचच्या तोफखान्याच्या कारखान्यांत निघाला. परंतु तेथें आई मागें पडली आणि मूल वेगळें राहूं लागलें. कोल्हापुरांत तसें झालें नाहीं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ या नांवांत ‘तालीम’ कायम आहे. जी तालीम गणपति बसविते तीच गोलरक्षकाचे हातमोजे विकत घेते. पुष्कळ तालमींत मोहरमचे पंजेही बसतात आणि त्यांची सेवा हिंदु-मुसलमान मिळून करतात. वर्गणी देणारे, मिरवणुकींत चालणारे आणि मैदानाच्या पायऱ्यांवर बसणारे लोक तेच. तेव्हां येथील संघ म्हणजे खेळणाऱ्यांनीं खेळण्यापुरती केलेली मंडळी नव्हे. पेठेनें आपल्या अनेक कामांपैकीं एक काम म्हणून तो चालविलेला आहे. ‘पाटाकडील’ या नांवांत तर पाण्याच्या पाटाची आठवण राहिली आहे. शहराचा जुना नकाशा मांडणारानें सामन्यांच्या याद्या चाळल्या तर त्याचाही लाभच होईल.

आतां ‘अ’ आणि ‘ब’ यांविषयीं. वृत्तपत्रांत ‘पाटाकडील अ’, ‘दिलबहार अ’, ‘प्रॅक्टिस अ’ असे उल्लेख नित्य येतात. संशोधकाच्या दृष्टीनें हें एक अक्षर मोठें बोलकें आहे. ज्या नांवापुढें ‘अ’ लागतो त्याला ‘ब’ असलाच पाहिजे, एरवीं ‘अ’ लिहिण्याचें प्रयोजन उरत नाहीं. म्हणजे एका तालमीस अकरा जणांचा एक संघ पुरत नव्हता. मुलें अधिक होतीं. आणि हीं मुलें दुसरीकडे न पाठवितां आपल्याच नांवाखालीं खेळविण्याचा पेठेचा आग्रह होता, असेंही अनुमान निघतें. आमच्या मतें कोल्हापूरच्या फुटबॉलचा खरा इतिहास या ‘ब’ अक्षरांत आहे. आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक ‘अ’ चें, आणि त्यांतही अंतिम सामन्यांचें.

हंगाम साधारणपणें दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळी स्पर्धेनें त्यास तोंड लागतें, मग बादपद्धतीच्या स्पर्धा येतात. राजर्षि शाहू स्टेडियमवर बहुधा दिवसास दोन सामने होतात, एक भर दुपारीं आणि दुसरा उतरत्या उन्हांत. एकाच तालमीचे दोन्ही संघ एकाच शनिवार-रविवारांत खेळावयाचे आले कीं त्या तालमीची धांदल पाहण्यासारखी असते. बावीस खेळाडू, शिवाय बदली. दोन प्रस्थ पोशाख. पाणी, बर्फ, पायपट्ट्या. दोन वेळां भरावयाचीं नोंदणीपत्रकें. शिवकालीन गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशीं कामें वांटून दिलेलीं असत. येथें कोणी नेमलेला नसतो, पण कामें तशींच वांटलेलीं असतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांचा सामना असेल तर गर्दीची आणि आवाजाची गोष्टच नको. या चुरशीपायीं मैदानांत हुल्लड होते अशी तक्रार वारंवार येते व ती खोटी नाहीं. ज्या पेठप्रेमानें ‘ब’ संघ उभा राहतो, तेंच प्रेम पायरीवर बसून कधीं कधीं दगड उचलतें.

या साऱ्यास मुळांत रविवार लागतो. आपल्या जुन्या कागदांत तिथि मुख्य असे आणि वार बहुधा तिच्या आधारास येई. येथें सगळा व्यवहार वारावर उभा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें, १८९० च्या १० जूनपासून. सुटीचा वार ठरला नसता तर प्रेक्षक जमणें कठीण होतें, हें खेळाचा इतिहास लिहिणारानें विसरूं नये.

हल्लीं या खेळांत पैसा आला आहे. आफ्रिकेंतील, विशेषतः नायजेरियांतील, खेळाडू गेल्या कांहीं वर्षांत कोल्हापूरच्या तालमींकडून खेळूं लागले. दुसऱ्या बाजूनें कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्यें भारतांत झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत देशाकडून खेळला. त्याची जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत झाली. हा बदल चांगला कीं वाईट याचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. परंतु ‘अ’ संघांत बाहेरचा खेळाडू येतो, तेव्हां पेठेंतील मुलाची जागा ‘ब’ मध्यें किंवा पायरीवर असते. कोणत्या वर्षापासून, कोणत्या तालमींत, किती जागा अशा सरकल्या, हें पुढें कोणास शोधावयाचें झालें तर दोन्ही संघांचीं नोंदणीपत्रकें लागतील. वृत्तपत्रांवर यासाठीं भिस्त ठेवतां येणार नाहीं. त्यांत ‘अ’ चें छायाचित्र येतें आणि ‘ब’ ची एक ओळ. ती ओळ देखील गोल करणारांपुरतीच असते. बचाव करणारा इतिहासांत येत नाहीं!

मग साधनें कोणतीं? सामन्याचें पत्रक, ज्यांत अकरा नांवें आणि पंचाची सही असते, हस्तपत्रकें व भित्तिपत्रकें, तिकिटें, वर्गणीच्या वह्या, चषकाच्या बैठकीवर कोरलेले लेख, आणि तालमींच्या भिंतींवर चौकटींत लावलेलीं छायाचित्रें. यांतील चषकांवरील लेखास आम्ही ताम्रपटाखालोखाल मान देतों, कारण त्यांत फेरफार करणें कठीण. छायाचित्रांची स्थिति सर्वांत वाईट. तालमीचा जीर्णोद्धार निघाला कीं प्रथम तीं भिंतीवरून उतरतात आणि पुन्हां चढत नाहींत. बहुतेकांवर सालही नसतें, कारण लावणारांस तें ठाऊक होतें.

सालाविना कागद हा संग्राहकांचा जुना शत्रु. पण येथें त्याच्यावर मात करण्याचे कांहीं उपाय आहेत व ते सविस्तर सांगणें इष्ट वाटतें. खेळाचे नियम ठराविक वर्षीं बदलले आहेत. मोठ्या चौकटीबाहेरील अर्धवर्तुळ नियमांत १९३७ मध्यें आलें. छायाचित्रांत तें आंखलेलें दिसल्यास छायाचित्र त्याआधींचें नव्हे. पाठीवरील आंकडे इंग्लंडच्या साखळी स्पर्धेंत १९३९ मध्यें सक्तीचे झाले. बदली खेळाडू आणि पिवळीं-तांबडीं कार्डें हीं विश्वचषकांत प्रथम १९७० सालीं, मेक्सिकोंत, दिसलीं. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा चेंडू त्याच स्पर्धेनें जगभर नेला. त्यापूर्वींचे चेंडू तपकिरी चामड्याचे आणि पुष्कळदां वादीनें आवळलेले असत. गुणतक्त्यांत विजयास दोन गुण आहेत कीं तीन हेंही पाहावें. तीन गुणांची पद्धत इंग्लंडांत १९८१ मध्यें सुरू झाली आणि विश्वचषकांत १९९४ मध्यें. मात्र या सर्वांवरून पूर्वमर्यादा तेवढी मिळते. लंडनांतला नियम मंगळवार पेठेंत त्याच वर्षीं पोंचला असें धरून चालणें घातक होईल.

अनवाणी पायांवरून काळ ठरविण्याचा मोह तर अवश्य टाळावा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत आपल्या संघांतील बहुतेक खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणीच खेळले आणि अवघ्या एका गोलानें हरले. १९५२ मध्यें हेल्सिंकीस युगोस्लाव्हियानें दहा गोल केल्यावर बुटांचा आग्रह सुरू झाला. परंतु बूट घेण्याची ऐपत आणि बुटांचा नियम या निराळ्या गोष्टी आहेत.

उत्तरमर्यादेसाठीं राज्यव्यवहाराचा आधार घ्यावा. कोल्हापूर संस्थान १९४९ च्या १ मार्चला मुंबई राज्यांत विलीन झालें. ‘कोल्हापूर संस्थान’ असा चालू उल्लेख असलेलें पत्रक त्यापूर्वींचें. तिकिटाचा दर आण्यांत छापलेला असेल तर तें बहुधा १९५७ च्या १ एप्रिलपूर्वींचें, कारण त्या दिवशीं दशमान नाणीं आलीं; आणि ‘नवे पैसे’ असा शब्द असेल तर १९५७ ते १९६४ यांच्या दरम्यानचें, कारण १९६४ च्या १ जूनपासून ‘नवे’ हें विशेषण गेलें. याच्या जोडीस वार घ्यावा. समजा, एखाद्या हस्तपत्रकावर ‘रविवार ता. १५ जानेवारी’ एवढेंच आहे. ही तारीख १९२२ पासून १९२८, १९३३, १९३९, १९५०, १९५६, १९६१, १९६७ आणि १९७८ या सालीं रविवारीं आली. दर नव्या पैशांत असल्यास १९६१ खेरीज दुसरें साल उरत नाहीं. संस्थानचा उल्लेख असल्यास १९३९ किंवा त्याच्या मागील तीन सालांपैकीं एक. जंत्री घेऊन बसण्याची संवय असलेल्या आमच्या वाचकांस हें काम नवें नाहीं. फक्त रुमालाऐवजीं तालमीचें कपाट उघडावें लागेल.

कोल्हापूरच्या वृत्तपत्रांचे जुने अंकही या कामीं लावून पाहावे. ‘पुढारी’ १९३९ पासून दैनिक झाला, तेव्हां तेथून पुढें रविवारच्या सामन्याची वार्ता सोमवारच्या अंकांत शोधतां येते. दरबारचा आश्रय जेथवर होता तेथवरच्या कागदांसाठीं कोल्हापूरच्या पुरालेखागारांतील खर्चाच्या बाबी पाहाव्या; तेथें मोडी वाचणारा मनुष्य लागेल, आणि आमच्या वाचकांत तो आहे.

ज्यांच्या संग्रहीं अगर ज्यांच्या पेठेंतील तालमींत असे कागद असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, छायाचित्र भिंतीवरून उतरण्यापूर्वीं त्यांतील माणसांचीं नांवें डावीकडून उजवीकडे, उभे व बसलेले अशा ओळी पाडून, एखाद्या वृद्ध खेळाडूकडून विचारून घ्यावीं. तीं छायाचित्राच्या पाठीवर शाईनें लिहूं नयेत, शाई पुढील बाजूस उमटते. निराळ्या कागदावर शिसपेन्सिलीनें लिहून तो कागद चौकटीच्या मागें ठेवावा. संघ ‘अ’ कीं ‘ब’ हें लिहिण्यास विसरूं नये. पोशाखाचा रंगही नमूद करावा, कारण जुन्या छायाचित्रांत तो दिसत नाहीं आणि सांगणारे दरवर्षीं कमी होत आहेत.