ऑस्टिन सेव्हन : घरात जन्मलेली, घरात जगलेली मोटार

मोटारीचा इतिहास कारखानदारांच्या नावाने लिहिला जातो. हात काळे करणाऱ्यांची नोंद त्यात क्वचितच सापडते. इंग्लंडच्या ‘ऑस्टिन सेव्हन’ या छोट्या गाडीची हकिकत म्हणूनच समजून घेण्यासारखी आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हर्बर्ट ऑस्टिन यांची बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज येथील कंपनी कर्जात बुडाली. १९२१ साली तिचा कारभार रिसीव्हरकडे गेला. अश्वशक्तीवर कर बसला होता. सामान्य कुटुंबे साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीवर भागवत होती. ऑस्टिन यांना त्यांच्यासाठी छोटी मोटार हवी होती. संचालक तयार नव्हते. तेव्हा त्यांनी आपल्या घरातील बिलियर्डच्या खोलीत स्टॅनली एज या अठरा वर्षांच्या आरेखकाला बसवले. दोन सिलिंडरऐवजी चार सिलिंडरचे छोटे इंजिन करावे, हा आग्रह या पोराचा. मालकाने तो ऐकला, हा त्याचाही मोठेपणा. १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २,९०,००० गाड्या निघाल्या. जर्मनीत बी.एम.डब्ल्यू.ची पहिली मोटारही याच गाडीच्या परवान्यावर बनली. एजचे श्रेय मात्र लोकांपर्यंत फार उशिरा पोहोचले.

गाडी जुनी झाली तशी स्वस्त झाली आणि घरोघरच्या गॅरेजमध्ये शिरली. ७४७ सी.सी.चे साधे इंजिन, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चासी. मोजक्या हत्यारांनी सारे सुटे होई. १९४८ साली कॉलिन चॅपमन यांनी जुन्या सेव्हनवरच आपली पहिली गाडी रचली. पुढे ‘लोटस’ उभी राहिली. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेन या शाळकरी मुलाने वडिलांसोबत खोक्यांत भरून आलेली सेव्हन जोडली आणि १९५२ साली, पंधराव्या वर्षी, ती शर्यतीत उतरवली.

आजही हौशी मंडळी या गाड्या घरी दुरुस्त करतात. लाकडी सांगाडा कुजलेला असतो, तो नव्याने बसवतात. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतून शाफ्टच्या मापाला आणतात. हे हुनर नुसते पुस्तक वाचून येत नाही. उस्तादाशेजारी उभे राहून शिकावे लागते.

आपल्या मोहल्ल्यातही असे मिस्त्री आहेत. मुलगा त्यांच्याकडे बसला की ‘शिक्षण वाया गेले’ असे आपण म्हणतो. शिक्षक म्हणून मला वाटते, त्या मुलाला वही आणि पाना दोन्ही मिळायला हवेत. एजच्या हाती पेन्सिल होती, पण त्याचे म्हणणे ऐकून घेणारा मालकही त्याला भेटला होता. आपल्या मुलांचे कोण ऐकतो?