पंत, वहिनी आणि भावजी : बाळ कुडतरकरांचा आवाज

सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ साल आठवतं. पण सुरतेशी मराठी माणसाचं नातं तेवढ्यावर संपत नाही. बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली, लूमवर राबलेली कुटुंबं आज मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा इतिहास शिलालेखात सापडायचा नाही. तो त्यांच्या बोलण्यात आहे, तसाच त्यांनी ऐकलेल्या आवाजांतही आहे. टीव्ही घरोघरी येण्याआधी रोज कानावर पडणारी प्रमाण मराठी होती ती रेडिओची. त्यातल्या एका आवाजाची ही नोंद.

बाळ कुडतरकर यांचा जन्म १९२१चा. मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. म्हणजे हा माणूस आणि हे माध्यम बरोबरीनेच वाढले. तरुण वयातच ते रेडिओवर आले आणि पुढे अनेक दशकं आकाशवाणी मुंबईवर नट, निवेदक, निर्माता अशी सगळी कामं त्यांनी केली. फिल्म्स डिव्हिजनच्या अनुबोधपटांना आणि जाहिरातींनाही त्यांनी आवाज दिला. चेहरा माहीत नाही, पण आवाज घरचा, अशी त्यांची कीर्ती.

ती सर्वांत जास्त पसरली 'पुन्हा प्रपंच' या कार्यक्रमाने. पात्रं तीनच. पंत म्हणजे स्वतः कुडतरकर, मीना वहिनी म्हणजे नीलम प्रभू (पुढे करुणा देव) आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. विषय तुमच्याआमच्या घरातले आणि चालू घडामोडींतले, विनोद हलकाफुलका, कुणाला न बोचणारा.

आता यात अवघड काय, असं वाटेल. रेडिओवर ना नेपथ्य, ना हावभाव. कोण बोलतंय, कुठे उभं आहे, आत आलं की बाहेर गेलं, हे सगळं ऐकणाऱ्याला आवाजावरूनच कळायला हवं. म्हणून तिन्ही आवाजांचा पोत वेगळा लागतो. दारातून येणारा माणूस माइकपासून लांब बोलायला सुरुवात करतो आणि जवळ येतो. कपबशीचा किणकिणाट झाला की चहा आला! विनोद साधला की नाही ते सांगायला समोर प्रेक्षकही नसतात. कुठे थांबायचं ते नटाने मनाशीच ठरवायचं. त्यात हातातल्या कागदाची सळसळ होऊ द्यायची नाही आणि वेळ घड्याळाबरहुकूम पाळायची.

इथे मराठी नात्यांची मोठी मदत झाली. 'वहिनी' अशी हाक आली की बोलणारा भावजी हे लगेच समजतं. 'अहो' म्हटलं की नवराबायको. नुसत्या एका हाकेत पात्राची ओळख, नातं आणि घरातलं स्थान उभं राहतं. जे काम नाटकात पडदे आणि कपडे करतात, ते इथे संबोधनांनी केलं.

कुडतरकर ६ जुलै २०२० रोजी, ९८व्या वर्षी गेले. हळहळ वाटते ती आणखी एका गोष्टीची. सुरुवातीच्या काळात बरेचसे कार्यक्रम थेट प्रसारित होत, आणि पुढे टेप आल्या तरी त्या महाग. एकच टेप पुसून पुन्हा वापरायची रीत होती. त्यामुळे त्या काळच्या रेडिओचा फार मोठा भाग आता फक्त ऐकणाऱ्यांच्या आठवणीत उरला आहे. आणि ते श्रोतेही आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : गावाला रेडिओ कुणाच्या घरी होता? सोबत कोण बसायचं? सुरतेला आल्यावर कुठलं स्टेशन लागायचं? टेकाडे भावजी आठवतात का? उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांच्याच बोलीत, अहिराणी असेल तर अहिराणीत. बोलणाऱ्याचं गाव आणि तारीख सुरुवातीलाच सांगून ठेवा. जुना वाडा पडला तर निदान जोतं तरी राहतं, आवाजाचं तसं नसतं.