नळीच्या पिळाने हरवलेलं काडतूस
रायफल हाती आली की मी आधी नळीतल्या खाचांचा पीळ विचारतो. १९५५ साली अमेरिकेत दोन काडतुसं आली, विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. गोळीचा व्यास एकच. रेमिंग्टनच्या पुंगळीत दारू किंचित जास्त मावे. मला तेच सरस वाटतं. पण त्याच्या रायफलींच्या नळीचा पीळ होता १२ इंचांत एक फेरा, वुडचकसारखी बारकी जनावरं टिपणाऱ्यांसाठी. हलकी गोळी त्यातून सुरेख जाई, १०० ग्रेन वजनाची लांब गोळी मात्र भरवशाने स्थिरावत नसे. विंचेस्टरचा पीळ १० इंचांचा. त्यातून लांब, जड गोळीही स्थिर जाई, म्हणून त्याच रायफलीने हरणाचीही शिकार होई. गिऱ्हाईक तिकडे वळलं. पुढे रेमिंग्टनने पीळ ९ इंचांवर आणला, १९६३ साली नावही ‘६ मिमी रेमिंग्टन’ केलं. तोवर शिकारी .२४३लाच सरावले होते.