परीच्या पाठीवरची बॅटरी

आमच्या कन्येला वयाच्या सहाव्या वर्षी स्वतंत्र बेडरूम मिळाली. ‘बेडरूम’ हा शब्द सौ.चा. सोसायटीच्या नकाशात ती अजूनही गॅलरीच आहे. पण एक पलंग, एक खिडकी आणि दारावर ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये’ असा कागद, एवढं जमलं की बेडरूम होते. पहिल्याच रात्री साडेअकराला त्या कागदाची मालकीण उशी बगलेत मारून आमच्या खोलीत हजर झाली.

“तिकडे काळोख आहे.”

“काळोख इकडेही आहे,” मी अर्धवट झोपेत तत्त्वज्ञान सांगितलं.

“हो, पण इकडच्या काळोखात तुम्ही दोघं आहात.”

यावर बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुठे उत्तर शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना मी फुटपाथवरून दिव्यांची एक माळ आणली. लाल, हिरवी, निळी. वर ‘आठ प्रकारे लुकलुकते’ अशी विक्रेत्याची तोंडी हमी. सौ.नं प्लग उलटासुलटा करून पाहिला. त्यावर कसलंही चिन्ह नव्हतं. वायर शेवयांपेक्षा थोडी जाड होती.

“ही गणपतीपुढे लावा. त्याला चार हात आहेत, पण तो एकही वायरीला लावत नाही. तुमच्या लेकीला दोनच आहेत.”

बँकेत एखादं व्हाउचर अडलं की मी जुनी दप्तरं काढून बसतो. ही माळ अडली तेव्हाही तेच केलं. मुलांच्या खोलीत शोभेचा दिवा लावण्याचा उद्योग सुरू तरी कुणी केला, हे शोधायला बसलो.

तर वाचकहो, उद्योग मेणबत्त्यांपासूनचा आहे. युरोपात नाताळच्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत. झाड वाळलेलं, घर लाकडी, भोवती मुलं! म्हणून मेणबत्त्या थोडाच वेळ पेटवायच्या आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवायची. म्हणजे सणाची तयारी आणि अग्निशमन दलाची तयारी एकाच वेळी. लंडनच्या सॅम्युएल क्लार्कनं १८८० च्या दशकात काचेच्या घुमटाखाली जळणाऱ्या बुटक्या मेणबत्त्या ‘फेअरी’, म्हणजे ‘परी’, या नावानं विकायला काढल्या. घुमट झाला, नाव गोड झालं. आत मात्र जाळ तो जाळच.

मग वीज आली, आणि लोक तिला जाळापेक्षाही जास्त भ्यायले. जाळ निदान दिसतो तरी! लंडनचं सव्हॉय थिएटर १८८१ साली सबंध विजेच्या दिव्यांनी उजळलं, तेव्हा मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांना प्रेक्षकांच्या या भीतीची कल्पना होती. २८ डिसेंबरला ते स्वतः रंगमंचावर आले, एक पेटता दिवा हातात घेतला, त्याला मलमलचं कापड गुंडाळलं आणि सरळ हातोडीनं फोडला. दिवा विझला. कापडाला साधा डागही पडला नाही. टाळ्या! आमच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी असंच काही करून दाखवलं असतं, तर आमचे हेडकॅशियर सहा महिने त्याच्याकडे पाठ करून बसले नसते.

पुढच्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १८८२ ला, त्याच थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘आयोलान्थी’ ही पऱ्यांची संगीतिका लागली. मुख्य पऱ्यांच्या केसांत इवले विजेचे दिवे चमकत होते. दिवे जोसेफ स्वान यांच्या कंपनीचे. आणि त्यांना वीज पुरवणारी बॅटरी परीच्या पाठीवर, पोशाखात लपवलेली. इंग्रज लोक अशा माळांना आजही ‘फेअरी लाइट्स’ म्हणतात, ते या पऱ्यांमुळे असं सांगतात. मला मात्र त्या दिव्यांपेक्षा बॅटरीचंच जास्त वाटलं. सगळं थिएटर केसांकडे बघतंय, आणि बिचारी परी पाठीवर वजन घेऊन गाते आहे. मार्चअखेरीला बँकेत आमची हीच अवस्था असते. फक्त केसांत काही चमकत नाही.

यानंतर महिन्याच्या आत न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं घरातल्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे अक्रोडाएवढे ८० विजेचे दिवे लावले. तारीख २२ डिसेंबर १८८२. झाड विजेवर गरगर फिरतही होतं. घरच्या झाडावर विजेचे दिवे लावणारा हा पहिला बाप. अर्थात तो वीजकंपनीतलाच. वात्सल्य आणि जाहिरात यांचं त्याच्याकडे जॉइंट अकाउंट होतं. या माळा दुकानात तयार मिळायला मात्र १९०३ उजाडलं.

आता या माळांमधली खरी मेख. त्या ‘सिरीज’मध्ये असत. अमेरिकेतली वीज साधारण १२० व्होल्टची. १५ व्होल्टचे ८ दिवे एकापुढे एक जोडले की हिशेब जुळला. एक गेला की आठही गेले. हे मला लगेच समजलं, कारण आमच्याकडे कर्जाला जामीनदार असेच असतात. पण दुसरा भाग अनेकांना ठाऊक नसतो. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला थोडीच वीज येते, म्हणून माळ निरुपद्रवी वाटते. त्यातला एक दिवा काढा. त्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांमध्ये आता थोडीथोडकी नाही, सगळीच्या सगळी वीज उभी असते. आपला हप्ता लहान म्हणून निर्धास्त राहावं आणि वसुली सबंध रकमेची निघावी, तसं.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी शिकलो होतो. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी गणपतीसाठी घरी माळ केली. आपली वीज २३०, भागिले ६ व्होल्ट, दिवे ३८. वडील पोस्टात होते, त्यामुळे भागाकार बरोबर होता. मी मधला एक दिवा काढला आणि तिथे बोट घातलं. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी जमिनीवर आहे आणि वडिलांचा चेहरा माझ्या तोंडाजवळ आहे. तो चेहरा मी त्याआधी पाहिलेला नव्हता. कुणी मला रागावलं नाही. वडिलांनी माळ काढून गुंडाळली ती परत कधी लावली नाही. त्या रात्री खोलीत झिरोचा बल्ब लावला. नावाला झिरो, खायचा १५ वॅट. आमच्या ‘झिरो बॅलन्स’ खात्यांसारखाच. आणि मी भिऊ नये म्हणून रात्रभर माझ्या उशाशी बसून राहिले.

म्हणून सौ.नं फुटपाथवरची माळ नाकारली तेव्हा मी वाद घातला नाही. सेलवर चालणारी माळ आणूया म्हटलं, तर तिनं तीही परत पाठवली, कारण तिच्या डबीत नाण्याएवढी चपटी बॅटरी होती. ती पोरानं गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. अमेरिकेत एका लहान मुलीचा असा जीव गेल्यावर २०२२ साली कायदा झाला आणि मुलांना सहज उघडणार नाहीत अशी झाकणं सक्तीची झाली. आमच्या घरात तो कायदा सौ.नं त्याच संध्याकाळी लागू केला.

शेवटी आम्हाला तारलं ते एलईडीनं. लाल एलईडी १९६२ मध्येच निघाला होता. निळ्यासाठी १९९० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड पडतो. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत उडवायचा. हा इवला दिवा जेमतेम कोमट होतो, आणि त्याची माळ ५ व्होल्टवर चालते.

मग रविवारी बाप-लेक कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन बसलो आणि तीन छोटे आकाशकंदील केले. दोन आकाशकंदील, एक आकाशात कधीच न दिसलेला प्रकार. तो मी केला. आत एलईडीची माळ. चार्जर बीआयएस नोंदणीचिन्हाचा, कपाटाच्या वर, मोकळ्या हवेत. वायर भिंतीला चिमट्यांनी पक्की, छताजवळून नेलेली. पलंगावर काही लोंबत नाही, हाताला काही येत नाही.

“बाबा, हे पेटणार नाही ना?” कन्येनं विचारलं.

मी डॉयली कार्ट झालो. चार्जर काढला नाही, माळेचा एक भाग सौ.च्या मलमलच्या ओढणीत गुंडाळून दहा मिनिटं धरला आणि तो तिच्या गालाला लावला. हातोडी सौ.नं आधीच लपवली होती. “थंडच आहे की,” कन्या म्हणाली. मग आम्ही माळ पुन्हा जागेवर लावली आणि ती पाचव्या मिनिटाला झोपली.

रात्री एक वाजता मी चार्जरला हात लावून बघायला गेलो. दोन वाजता पुन्हा गेलो. तीन वाजता स्टुलावर चढलेला असताना खालून झोपेतला आवाज आला, “बाबा, तुला भीती वाटते का?”

मी खरं सांगितलं.

“मग इथेच झोप ना.”

चाळीस वर्षांपूर्वी वडील उशाशी का बसले होते, ते मला स्टुलावरून उतरताना कळलं. दारावरचा कागद वाचत मी चटई घेऊन आत गेलो.