एकनाथ, जनार्दनस्वामी आणि आयकरातील ‘आश्रित’

परंपरा सांगते, पैठणचे एकनाथ बालवयातच दौलताबादेस आले आणि किल्ल्याचे अधिकारी जनार्दनस्वामी यांच्या घरी राहिले. नाते रक्ताचे नव्हते. अन्न, निवारा आणि विद्या मात्र गुरूंचीच. हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागून काढली, ती प्रसिद्ध कथा याच घरातली.

आता आयकराच्या नजरेने हे घर पाहू. हैदराबाद संस्थानातील दौलताबादेस भारतीय आयकर १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. त्या १९२२ च्या कायद्यास हिंदू अविभक्त कुटुंब मान्य होते; पण त्यात प्रवेश जन्म, विवाह वा दत्तकविधानानेच. पुढे १९६१ च्या कायद्यात आरोग्यविम्याच्या हप्त्यावर वजावट देणारे कलम ८०डी आले, तेही पती-पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि आईवडील यांच्यापाशीच थांबले. वर्षानुवर्षे एकाच पंक्तीला जेवणारा शिष्य किंवा मित्र त्यात बसत नाही.

अमेरिकेच्या १९५४ च्या करसंहितेने मात्र वर्षभर करदात्याच्या घरी राहणाऱ्या परक्या माणसालाही आश्रित मानले; त्यातील एक अट अशी की, त्याचा निम्म्याहून अधिक खर्च करदात्याने उचलावा. गुरुगृहाचा अर्थ या परदेशी कलमाला अधिक कळला, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे जनार्दनस्वामींना नाथ आधी दत्तकच घ्यावे लागले असते!